गावात चालायचं कुठून?

"गाव ते केवढं! या टोकाला शिंकलं तर त्या टोकाला ऐकू जातं. इथे फुटपाथ कशाला?" ग्रामसभेत चालण्याच्या वाटेचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. त्याच गावात आणखी एक प्रश्न घरोघरी विचारला जातो, पण तो ग्रामसभेपर्यंत पोचत नाही. शाळा अंगणातून दिसते, तरी पोराला सोडायला रोज माणूस का लागतो?

गाव लहान आहे हे खरं. तरीही तिथे पायी चालणं अवघड होतं, हेही खरं. या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात ते या प्रकरणात पाहू. उदाहरणासाठी छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे जाणारा रस्ता घेऊ. तीसेक किलोमीटरच्या या वाटेवर दौलताबाद, खुलताबाद आणि वेरूळ अशी तीन ठिकाणं लागतात. तिन्ही जुनी, तिन्ही मोटार येण्याआधी कैक शतकं वसलेली, म्हणजे पायी माणसाच्या मापाने बांधलेली. आणि तिघांच्याही अंगावरून आज पर्यटकांची, भाविकांची आणि मालाची वाहनं धावतात.

१. अंतर मीटरमध्ये नको, मिनिटांत मोजा

साध्या चालीने माणूस तासाला पाचेक किलोमीटर चालतो. म्हणजे मिनिटाला सुमारे ८० मीटर. पाच मिनिटांत ४०० मीटर, दहा मिनिटांत ८०० मीटर. आपल्याकडची बहुतेक गावठाणं या दहा मिनिटांच्या आत संपतात. ग्रामपंचायत, शाळा, रेशन दुकान, पिठाची गिरणी, मंदिर, मशीद, एसटीचा थांबा, सगळं या अंतरात. गावठाणाबाहेरही फार लांब जावं लागत नाही, वेरूळचंच पाहा. लेण्यांपासून घृष्णेश्वराचं मंदिर साधारण किलोमीटरभर, म्हणजे बारा-तेरा मिनिटांची चाल. शहरातली माणसं रोज यापेक्षा जास्त तर फलाटांवर आणि जिन्यांवर चालतात.

कायद्यानेही हेच गृहीत धरलं आहे. शिक्षण हक्क कायद्याखालच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. मूल पायी शाळेत जाईल, असं धरूनच हे आकडे ठरले आहेत.

मग तीनशे मीटरवरच्या गिरणीत जायलाही मोटारसायकल का काढली जाते? कारण अंतर फक्त लांबीने ठरत नाही. घरापासून शाळेपर्यंतच्या सातशे मीटरांपैकी सहाशे ऐंशी मीटर निर्धोक असतील आणि वीस मीटर धोक्याचे असतील, तर आई पोराला एकटं पाठवत नाही. तिच्या लेखी ती पूर्ण वाट बंदच असते. गाव चालण्याजोगं करण्याचा पहिला धडा हाच. सरासरी रस्ता कसा आहे ते बघू नका, सगळ्यात वाईट वीस मीटर कुठे आहेत ते शोधा. ते बहुतेक वेळा एकाच जागी सापडतात: बाहेरून येणारा मोठा रस्ता जिथे गावाच्या रोजच्या वाटेला छेदतो तिथे.

२. माजघरातून जाणारी वाट

समजा, शेजारच्या दोन वाड्यांमधला रस्ता तुमच्या माजघरातून काढला. येणारे-जाणारे सभ्य आहेत, पण थांबायला कोणाला सवड नाही. तुम्ही पंगतीला बसलेले असाल, बाळ रांगत असेल, तरी त्यांना वाट हवी. काही दिवसांत काय होईल? बाळाला उचलून कोपऱ्यात ठेवाल, पंगत स्वयंपाकघरात हलवाल आणि माजघर नावापुरतं उरेल. गावातून जाणाऱ्या महामार्गामुळे गावाच्या मध्यभागाचं हेच होतं.

सोलापूर-धुळे हा जुना राष्ट्रीय महामार्ग २११ दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ करत कन्नडच्या घाटाकडे जात असे. पुढे महामार्गांचे क्रमांक बदलले आणि तो ५२ झाला. करोडी ते तेलवाडी असा नवा चौपदरी रस्ता झाल्यावर लांब पल्ल्याच्या गाड्यांना दुसरी वाट मिळाली. पण लेण्यांना आणि घृष्णेश्वराला येणारी वाहनं वेरूळलाच येणार. वळणरस्ता झाला की गावाचा प्रश्न संपला, हा समज म्हणूनच अर्धाच खरा आहे. गावातून पुढे जाणारी वाहनं बाहेर काढता येतात, गावातच येणारी काढता येत नाहीत. त्यांना चालणाऱ्यांच्या वस्तीत नांदायला शिकवावं लागतं.

इथे मालकीचा प्रश्न येतो. गावकऱ्याला रस्ता एकच दिसतो, कागदावर त्याचे मालक वेगवेगळे असतात. राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या अखत्यारीत. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सहसा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्राम मार्ग जिल्हा परिषदेकडे. आणि गावठाणातल्या गल्ल्या ग्रामपंचायतीकडे. गावाचा मुख्य बाजार ज्या रस्त्यावर भरतो, तोच रस्ता अनेकदा गावाच्या मालकीचा नसतो. तिथे साधा गतिरोधक टाकायचा तरी सरपंचाला बांधकाम उपविभागाकडे अर्ज करावा लागतो. म्हणून तक्रार करण्याआधी रस्ता कोणाचा हे विचारून घ्या. निम्मे अर्ज चुकीच्या टेबलावर पडून राहतात.

३. धोका रुंदीत कमी, वेगात जास्त

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं दगावली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. दर पाचांत जवळपास एक.

वेग दुप्पट झाला की धोका दुप्पट होतो, असं आपल्याला वाटतं. गणित वेगळं आहे. धावत्या गाडीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ३० किलोमीटरचे ६० झाले की धडकेचा जोर चौपट. ब्रेक लागल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतरही तसंच. चालकाने माणूस पाहून ब्रेकवर पाय ठेवेपर्यंत दीड सेकंद जातो असं धरू. ताशी ३० वेगाची गाडी तेवढ्यात साडेबारा मीटर पुढे जाते आणि ब्रेक लागल्यावर कोरड्या चांगल्या रस्त्यावर आणखी सहाएक मीटर घसटते. एकूण अठरा-एकोणीस मीटर. ताशी ६० ला हाच हिशेब पंचवीस अधिक तेवीस, म्हणजे अठ्ठेचाळीस मीटर होतो. वीस मीटरवर शाळकरी पोर रस्त्यात उतरलं तर पहिली गाडी त्याच्या पुढ्यात थांबते. दुसऱ्या गाडीच्या चालकाचा पाय तोवर ब्रेकवर पोचलेलाही नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे गाडीचा वेग ५० वरून ६५ वर गेला की धडकेत पादचारी दगावण्याचा धोका साडेचार पट होतो. २०२० च्या फेब्रुवारीत स्टॉकहोमला झालेल्या मंत्रिपरिषदेच्या जाहीरनाम्यात म्हणूनच स्पष्ट शिफारस आली: जिथे माणसं आणि वाहनं एकाच रस्त्यावर मिसळतात, तिथे कमाल वेग ताशी ३०.

आता ३० चा वेग पाळायला कसा लावायचा? नुसत्या पाटीने नाही. दौलताबादचा किल्ला बांधणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. महाकोट या तटाच्या दरवाजांतून आत शिरताना वाट सरळ जात नाही, वळणं घेते. चालून येणाऱ्या हत्तीला धाव घ्यायला जागाच मिळू नये, म्हणून. आजही वेरूळला जाणारी वाहनं बाहेरच्या तटबंदीतल्या दिल्ली दरवाजाशी आपोआप हळू होतात. कमान अरुंद आहे आणि समोरून कोण येतंय ते चालकाला बघावंच लागतं. वाहतूक अभियंते हेच तत्त्व वापरतात: गावाच्या वेशीवर रस्ता थोडा आवळायचा, थोडा वळवायचा, म्हणजे पाय आपसूक ब्रेककडे जातो. एक पथ्य मात्र पाळायचं. वाहनांची वाट आवळताना पायी माणसाची वाट बाजूने मोकळी ठेवायची, नाहीतर आवळलेल्या जागी तोच चिरडला जातो.

गतिरोधक हा दुसरा उपाय, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त बिघडवलेला. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे तो १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे चांगला बारा फुटी, पसरट हवा. त्यावरून ताशी २५ ने गेलं तर दणका बसत नाही, जास्त वेगाने गेलं तर बसतो. गावात अपघात झाला की रातोरात जो टाकला जातो तो जेमतेम दीड-दोन फूट रुंदीचा उभट उंचवटा असतो. त्यावर म्हाताऱ्यांचे मणके मोडतात, गरोदर बायकांचे हाल होतात आणि दुचाकीवाले बाजूच्या साइडपट्टीवरून, नेमके चालणाऱ्यांच्या अंगावरून, वळसा घालतात.

४. ओलांडण्याचे नऊ सेकंद

गावात माणूस रस्त्याच्या कडेने जेवढा चालतो, त्याहून जास्त वेळा तो रस्ता ओलांडतो. म्हणून फुटपाथच्याही आधी ओलांडण्याचा विचार करायला हवा.

एक हिशेब करू. दुपदरी डांबरी रस्ता सात मीटर रुंद. तरुण माणूस सेकंदाला सव्वा मीटर चालतो, तो सहा सेकंदांत पार. हातात पिशवी घेतलेली सत्तरीची आजी सेकंदाला ०.८ मीटर चालते. तिला नऊ सेकंद लागतात. नऊ सेकंदांत ताशी ६० ची गाडी १५० मीटर येते, ताशी ३० ची ७५ मीटर. म्हणजे वेग साठ असेल तर आजींना दोन्ही बाजूंनी दीडशे-दीडशे मीटर रस्ता एकाच वेळी रिकामा मिळायला हवा. श्रावणी सोमवारी वेरूळला असा क्षण कधी यायचा?

आता रस्त्याच्या मधोमध दीड-दोन मीटरचा उंच ओटा करू, जिथे थांबून दम घेता येईल. आजी आता एका वेळी साडेतीन मीटरच ओलांडतात. साडेचार सेकंद पुरतात. वेग ३० असेल तर जेमतेम चाळीस मीटर रिकामे हवेत, आणि तेही एकाच बाजूने. दीडशे मीटरची गरज चाळीसवर आली. पूल नाही, भुयारी मार्ग नाही. एक ओटा, दोन गतिरोधक आणि रंगाचे पट्टे.

जागा मात्र अचूक हवी. पांढरे पट्टे कुठे मारायचे हे कार्यालयातल्या नकाशावरून ठरवलं की ते थांब्यापासून ऐंशी मीटर लांब जातात आणि माणसं पूर्वीसारखीच थांब्यासमोरून ओलांडतात. लोकांनी कुठून जायला हवं हे सांगण्यापेक्षा ती कुठून जातात ते बघावं. एसटीतून उतरलेली माणसं, काळी-पिवळीकडे धावणारी माणसं, शाळा सुटल्यावरची पोरं. दुभाजकाची माती जिथे पायांनी खचलेली असते, तिथेच पट्टे मारायचे.

५. सहा फुटांची वाट

मुख्य रस्त्याच्या कडेला चालायला किती जागा लागते? भारतीय रस्ते काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या २०१२ च्या मानकात उत्तर आहे: किमान १.८ मीटर, म्हणजे सहा फूट, तेही अडथळ्याविना. बाजारपेठेत २.५ मीटर. कडेची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. डोक्यावर २.२ मीटर मोकळं हवं. चढउताराला एकास बारा उतार, म्हणजे एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी.

प्रत्येक आकड्यामागे माणूस आहे. समोरासमोर आलेल्या दोन चाकाच्या खुर्च्या सहा फुटांत एकमेकींना वाट देऊ शकतात. एका काखेत बाळ आणि दुसऱ्या हातात दुधाची किटली घेतलेल्या बाईला समोरून कोणी आलं तरी रस्त्यावर उतरावं लागत नाही. फुटपाथ फूटभर उंच केला तर गुडघे दुखणारी माणसं त्यावर चढतच नाहीत, खालून चालतात. मग लोक म्हणतात, "बघा, बांधून दिला तरी वापरत नाहीत."

गावात ही सहा फुटांची जागा सहसा असते. ती खाल्ली कशी जाते, ते जवळून पाहण्यासारखं आहे. जुना सिमेंटचा रस्ता न उखडता त्यावरच नवा थर टाकला जातो. दहा-पंधरा वर्षांत असे दोन-तीन थर बसले की रस्ता दुकानाच्या उंबऱ्याच्या वर येतो. पहिल्याच पावसात पाणी आत. दुकानदार जोतं वाढवतो, मग उंच झालेल्या दारात जायला पायऱ्या रस्त्याकडे उतरवतो. पायऱ्यांवर ऊन लागतं म्हणून पत्र्याचं शेड पुढे येतं. शेडखाली सावली असते म्हणून तिथे मोटारसायकल उभी राहते. तिच्या पलीकडे उघडं गटार. चालणाऱ्याला उरतं ते डांबर. यात दुकानदाराचं अतिक्रमण आहेच, पण सुरुवात ठेकेदाराच्या थराने झाली. नवा थर टाकण्याआधी जुना खरवडायला लावणं, हे अतिक्रमण हटवण्यापेक्षा स्वस्त पडतं.

उघड्या गटाराचंही तसंच. त्यावर मजबूत, काढता येतील अशा झाकणांची पट्टी टाकली तर बहुतेक गावांत नवी जमीन न घेता तीन-चार फुटांची वाट मिळते. साइडपट्टी डांबराच्या बरोबरीने भरून घेतली की उरलेले दोन-तीन फूट सुटतात. आणि मराठवाड्यात, जिथे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तिथे सावलीशिवायची वाट दुपारी बंदच समजायची. कडुनिंबाची रांग हा या वाटेचा भाग आहे, शोभा नाही.

६. गल्लीला फुटपाथ लागत नाही

म्हणजे गावभर फुटपाथ करायचे का? मुळीच नाही. बारा फुटी गल्लीत दोन्ही बाजूंना फुटपाथ काढले तर मध्ये उरेल काय? गल्लीचं तत्त्व उलटं असतं. तिथे रस्ता माणसांचा आणि वाहन पाहुणं.

खुलताबादला जा. औरंगजेबाच्या काळात या गावाभोवती तट उठला. नगारखाना, पांगरा, लंगडा अशा नावांचे दरवाजे त्याला होते. बाहेरून येणाऱ्या वाटा वेशीशी थोड्या अंतरापर्यंत फरसबंद होत्या आणि तीच फरसबंदी आतून पुढे जात होती. बुऱ्हानुद्दीन गरीब आणि झैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्यांकडे येणारा यात्रेकरू आणि बाजाराला आलेला कुणबी याच वाटांनी चालत. अशा दाट वस्तीत वेग माणसाच्या चालीएवढाच ठेवायचा. नेदरलँड्समध्ये डेल्फ्ट शहरातून ही कल्पना पसरली आणि १९७६ मध्ये तिथल्या कायद्याने अशा गल्ल्यांना मान्यता दिली: मुलं रस्त्यावर खेळतील, गाड्यांनी चालण्याच्या वेगाने जायचं. आपल्या गल्ल्यांत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. ते टिकवायला फार काही लागत नाही. गल्लीच्या तोंडाशी फरशीचा रंग किंवा पोत बदलायचा, आत सरळ लांब गुळगुळीत पट्टा होऊ द्यायचा नाही आणि चारचाकी उभ्या करायला वेशीबाहेर जागा द्यायची.

७. जागा कमी असेल तर वेळ वाटून घ्या

रस्ता रुंद करता येत नसेल तर तो वेळेने वाटता येतो. खुलताबादच्या भद्रा मारुतीला हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री आणि श्रावणातल्या शनिवारांसाठी शुक्रवारच्या रात्री संभाजीनगरहून हजारो लोक पायी निघतात. पंचवीसेक किलोमीटरची चाल. त्या रात्री पोलीस वाहनं दुसरीकडून वळवतात, वाटेवर लोक चहा, पाणी, साबुदाण्याची खिचडी वाटतात. रस्ता तोच, डांबर तेच. एका आदेशाने तो रात्रभर चालणाऱ्यांचा होतो. एका इंचाचंही भूसंपादन होत नाही.

अजिंठ्याला याचंच कायमचं रूप आहे. खासगी गाड्या फर्दापूरच्या टी पॉइंटला, लेण्यांपासून चारेक किलोमीटर आधी, थांबतात आणि पुढे बस नेते. माथेरानला तर दस्तुरी नाक्यापुढे मोटारींना प्रवेशच नाही.

लहान गावाने हे आठवडी बाजाराच्या दिवशी करून पाहावं. सकाळी नऊ ते सायंकाळी पाच बाजाराच्या गल्लीत चारचाकी बंद, माल उतरवायचा तर नऊच्या आत. पहिल्या बाजारी कुरकुर होईल. चौथ्या बाजारी भाजीवालीच सांगेल की गिऱ्हाईक जास्त वेळ थांबतं.

८. ग्रामसभेत काय मागायचं

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की फुटपाथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. हक्क मोठा आहे, पण ग्रामसभेत नेमकी मागणी लागते.

आधी एका दुपारी पाच-सहा जणांनी टेप घेऊन शाळेपासून थांब्यापर्यंत चालावं. त्यांत एक म्हातारं माणूस, एक शाळकरी मूल आणि शक्य असेल तर चाकाच्या खुर्चीवरचं कोणी असावं. कुठे रस्त्यावर उतरावं लागलं, कुठे थांबावं लागलं, कुठे अंधार आहे, एवढंच लिहायचं. ही यादी "आमचं गाव, आमचा विकास" आराखड्यात घालायची.

मग कामांचा क्रम लावायचा. पहिलं, वेशीच्या दोन्ही बाजूंना वेग ३० वर आणणं. दुसरं, शाळा आणि थांब्यासमोर मधल्या ओट्यासह ओलांडण्याची जागा. रस्ता बांधकाम विभागाचा असेल तर ठराव तिकडे पाठवायचा आणि प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला द्यायची. तिसरं, गटारावरची झाकणं, साइडपट्टी, दिवे. चौथं, अतिक्रमणं. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५३ ने ग्रामपंचायतीला रस्त्यावरचा अडथळा काढण्याचा अधिकार दिला आहे. पण तो शेवटी वापरावा. आधी पर्यायी जागा दाखवावी आणि नियम सगळ्यांना सारखा लावावा. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पाटोदा गावाने कर भरणाऱ्याला दळण मोफत दिलं, तेव्हा करवसुलीसाठी भांडावं लागलं नाही. शेड मागे घेणाऱ्या दुकानदाराला समोर सपाट वाट आणि सावली मिळणार असेल, तर त्याच्याशीही फार भांडावं लागत नाही.

काम झालं की नाही हे ठेकेदाराच्या बिलावरून ठरवू नका. कामाआधी एक दिवस शाळा सुटताना फाट्यावर उभं राहून एकट्याने रस्ता ओलांडणारी मुलं आणि म्हातारी माणसं मोजा. तीन महिन्यांनी त्याच वारी, त्याच वेळी पुन्हा मोजा. आकडा वाढला नसेल, तर फरशी कितीही चकचकीत असो, पुढच्या वर्षीचा पैसा पुन्हा त्याच वीस मीटरांवर लावा.